लाल रेघेतले सोने आणि लाखांदूरचा हत्तीरोग

नॅनोकणांनी होणारे रोगनिदान म्हटले की मोठ्या शहरातले महागडे स्कॅन आठवतात. प्रत्यक्षात हे कण आशा सेविकेच्या पिशवीतून गावागावांत केव्हाच पोहोचले आहेत. हत्तीरोग संपला की नाही, हे त्यांच्याच एका लाल रेघेवरून ठरणार आहे. त्या रेघेची काळजी मात्र कोणाच्या अजेंड्यावर दिसत नाही.

पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांना हत्तीरोगाची तपासणी म्हटले की रात्र आठवते. साडेआठ-नऊनंतर आरोग्य कर्मचारी गावात शिरत, दाराची कडी वाजवत, अर्धवट झोपेतल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेत. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईला किंवा बोडीवरून परतलेल्या माणसाला ही उठवाउठव कशी वाटत असेल, हे सांगायला नको. पण इलाज नव्हता. ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ या कृमीची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण १० ते २ या वेळात, अंगभरच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासाची चावण्याची वेळ तीच. डासाच्या वेळापत्रकाशी कृमीने आपले वेळापत्रक जुळवून घेतले आहे, म्हणून माणसालाही रात्री जागे व्हावे लागत होते.

आजही रात्रीचे रक्त घेण्याची पद्धत बंद झालेली नाही. पण तिच्या जोडीला एक प्लास्टिकची पट्टी आली आहे. ती भर दुपारी चालते. बोटातून रक्ताचे दोन थेंब घ्यायचे, पट्टीच्या एका टोकाला सोडायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. एक लाल रेघ उमटली तर पट्टी चालली, माणूस निर्दोष. दोन उमटल्या तर शरीरात प्रौढ कृमीचा अंश आहे. ही पट्टी रक्तातली पिल्ले शोधतच नाही. लसीकावाहिन्यांत घर करून राहिलेला प्रौढ कृमी जे प्रथिन रक्तात सोडतो ते ती पकडते, आणि ते प्रथिन दिवसरात्र रक्तात असते. रात्रीच्या कडी वाजवण्यातून सुटका झाली ती यामुळे.

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याचा दक्षिण टोकाचा तालुका. एका बाजूला वैनगंगेपलीकडे चंद्रपूरचे ब्रह्मपुरी, दुसऱ्या बाजूला गडचिरोलीचे देसाईगंज-वडसा. पूर्वेला गोंदियाचे अर्जुनी मोरगाव. चारही जिल्ह्यांतली माणसे मजुरीला, लग्नाला, नाटकाला आणि शंकरपटाला इकडून तिकडे जातात, आणि कृमीही त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे या वेशीवरच्या तालुक्यात हत्तीरोगाचा हिशेब चुकला तर चूक एकट्या तालुक्यापुरती राहत नाही.

रेघ लाल का दिसते?

रेघेचा लाल रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. तो सोन्याचा आहे. सोने पिवळे असते ते दागिन्यात. त्याचे कण २० ते ४० नॅनोमीटरइतके लहान केले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात डोलू लागतात, हिरवा प्रकाश गिळतात आणि उरलेला लाल रंग आपल्याला दिसतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर असे दोन-तीन हजार कण एका ओळीत मावतील. मायकल फॅरेडे याने १८५७ मध्ये सोन्याचे असे माणकासारखे लाल पाणी तयार केले होते. त्यातल्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांचा रंग विटलेला नाही. पट्टीसाठी सोनेच का निवडले, याचे एक कारण हेच. ते गंजत नाही, विटत नाही, आणि प्रतिपिंडे त्याच्या पृष्ठभागाला सहज चिकटतात.

पट्टीच्या सुरुवातीलाच हे कण वाळवून ठेवलेले असतात. प्रत्येकाच्या अंगावर कृमीचे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे असतात. रक्तातले पाणी कागदावरून पुढे सरकते तसे हे कण ओले होऊन त्याच्याबरोबर निघतात. वाटेत कृमीचे प्रथिन भेटले तर ते उचलतात. पुढे कागदावर एका रेषेत आणखी प्रतिपिंडे पक्की बसवलेली असतात. ती त्या प्रथिनाचे दुसरे टोक धरतात. प्रथिन अडकले, त्याच्यासोबत सोन्याचा कणही अडकला. असे कोट्यवधी कण एका जागी साचले की डोळ्यांना रेघ दिसते. ना वीज लागते, ना यंत्र, ना सूक्ष्मदर्शक. सोने म्हणून त्याची किंमत नगण्य आहे. मंगळसूत्राच्या एका मण्यातल्या सोन्यात अशा हजारो पट्ट्या होतील.

बहुतेक वाचकांनी ही करामत पाहिलेली आहे, फक्त तिला नॅनोतंत्रज्ञान म्हणतात हे माहीत नसते. आशा सेविकेकडे मिळणारी गरोदरपणाची ‘निश्चय’ पट्टी, तापाच्या रुग्णाची जागेवरच होणारी हिवतापाची चाचणी, आणि पुण्याच्या मायलॅबच्या ज्या घरगुती कोविड चाचणीला आयसीएमआरने मे २०२१ मध्ये मान्यता दिली ती, ही सगळी एकाच कुळातली. सिकलसेलच्या काही जलद चाचण्याही याच तत्त्वावर चालतात. त्यातल्या एका प्रकारात गंमत अशी की रेघ उमटली तर ते हिमोग्लोबिन नाही आणि रेघ गायब असेल तर आहे. इतर पट्ट्या वाचून सवय झालेल्या कर्मचाऱ्याला हे उलटे वाचन नीट शिकवले नाही, तर एखाद्या मुलीच्या नावापुढे नको तो शेरा लागायचा. आणि विदर्भात सिकलसेलचा शेरा लग्नाच्या बोलणीपर्यंत पाठलाग करतो.

नॅनोकण शरीरात जातात का, अशी भीती कोणाला वाटत असेल तर पट्टीपुरती ती काढून टाकावी. इथे रक्त कणांकडे जाते, कण रक्ताकडे येत नाहीत. बोटाला टोचलेली सुई आणि पट्टी यांचा एकमेकींशी संबंध येत नाही.

दहा मिनिटे आणि सदतीस अंश

यंत्राशिवाय चालणारी गोष्ट काळजीशिवायही चालते असा समज सरकारी व्यवस्थेत पटकन होतो. हत्तीरोगाची पट्टी २ ते ३७ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या छताच्या खोलीत, बंद जीपच्या मागच्या सीटवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत तो किती जात असेल, हे इथल्या कोणालाही विचारावे. सोन्याला उष्णतेने काही होत नाही. बिघडतात ती त्याच्या अंगावरची आणि कागदावरची प्रतिपिंडे. ती प्रथिनेच असतात. तापली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी आपला आकार गमावतात.

बिघाडाचा खरा धोका तो दिसत नाही यात आहे. पट्टीवर एक ‘कंट्रोल’ रेघ असते. ती उमटली की कर्मचारी निश्चिंत होतो. पण ती रेघ एवढेच सांगते की पाणी पुढे सरकले आणि सोन्याचे कण तिथपर्यंत आले. कृमीचे प्रथिन पकडणारी दुसरी रेषा शाबूत आहे की उन्हाने मेली, हे ती सांगत नाही. म्हणजे उन्हात खराब झालेली पट्टी व्यवस्थित एक लाल रेघ दाखवून ‘निर्दोष’ असा निकाल देऊ शकते. यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. ज्यात कृमीचे प्रथिन आहे असा माहीत असलेला नमुना वापरून प्रत्येक बॅचमधल्या काही पट्ट्या आधी तपासायच्या. दोन रेघा उमटल्या तरच ती बॅच गावात न्यायची. असे नमुने मिळतात. ते शीतसाखळीतून वेळेवर तालुक्यापर्यंत आणणे, त्यांची नोंद ठेवणे आणि बॅच नापास झाली तर ती परत पाठवण्याची हिंमत दाखवणे, हे काम मात्र कोणीतरी ठरवून करावे लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. ही पट्टी बरोबर दहाव्या मिनिटाला वाचायची असते. उशीर झाला तर जिथे काही नव्हते तिथे फिकट रेघ दिसू लागते. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस मुले रांगेत, एक सेविका टोचते आहे, एक नावे लिहिते आहे, एखादे मूल रडते आहे, मुख्याध्यापक माध्यान्ह भोजनाची आठवण करून देत आहेत. अशा वेळी अकराव्या पट्टीचे दहावे मिनिट कोणाच्या लक्षात राहणार? पट्टीवर पेनाने सुरुवातीची वेळ लिहायची आणि एका माणसाला फक्त घड्याळ सांभाळायला बसवायचे, एवढा खर्च आहे. मनुष्यबळाचा प्रस्ताव मंजूर करणाऱ्यांना हा माणूस नेहमी जास्तीचा वाटतो.

हिवतापाच्या पट्टीचीही अशीच पथ्ये आहेत. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण १०० ते २०० परजीवी असतील तर ती खात्रीने दाखवते, त्याहून कमी असतील तर चुकू शकते. उलट, फाल्सिपेरमचे जे प्रथिन ती शोधते ते उपचार झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळते. त्यामुळे बरा झालेला माणूस पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ दिसतो. वडसा-लाखांदूर ये-जा करणाऱ्या मजुराच्या बाबतीत हे नेमके घडू शकते. म्हणून पट्टीसोबत काचपट्टीही घ्यायची, हा जुना नियम पाळावा.

एका रेघेवर तालुक्याचा निर्णय

हिवतापाची पट्टी चुकली तर एका रुग्णाचे नुकसान होते, आणि ताप उतरला नाही की तो परत येतो. हत्तीरोगाचे तसे नाही. देशात हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. अलीकडे धोरण बदलले आहे. रुग्ण शोधत बसण्याऐवजी रोगप्रवण भागातल्या सगळ्यांनाच वर्षातून एकदा गोळ्या द्यायच्या. पूर्वी डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा दोन गोळ्या होत्या, नंतर काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन ही तिसरी आली. या तीन औषधांच्या पद्धतीने देशात २०१८-१९ च्या सुमारास पाच जिल्ह्यांत सुरुवात झाली, त्यात नागपूर होते. केंद्र सरकारने हत्तीरोग दूरीकरणाचे लक्ष्य २०२७ ठेवले आहे, जागतिक मुदतीच्या तीन वर्षे आधी.

गोळ्या कधी थांबवायच्या, हे पट्टी ठरवते. काही फेऱ्या झाल्या, रात्रीच्या रक्ततपासणीत पिल्लांचे प्रमाण एक टक्क्याखाली आले, की शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांची पट्टीने पाहणी करायची. मुलेच का? कारण ती गोळ्यांच्या काळातच जन्मली आणि वाढली. त्यांच्या रक्तात कृमीचे प्रथिन सापडले तर लागण जुनी नसून नवी आहे, म्हणजे डास अजून रोग पसरवतो आहे. आजोबांच्या रक्तात ते सापडले तर तसे म्हणता येत नाही, कारण पिल्ले मेल्यावरही प्रौढ कृमीचा अंश कित्येक वर्षे रक्तात राहू शकतो. पाहणीत बाधित मुलांची संख्या ठरलेल्या मर्यादेच्या आत, ढोबळमानाने दोन टक्क्यांहून कमी, राहिली तर त्या भागात सामुदायिक औषधोपचार बंद होतो.

आता उन्हात तापलेल्या पट्ट्यांचा विचार इथे करावा. समजा त्यातल्या काही बाधित मुलांना ‘निर्दोष’ म्हणाल्या. जिल्हा उत्तीर्ण झाला, गोळ्या थांबल्या, फलक लागले, सत्कार झाले. त्या मुलांच्या अंगातला कृमी पाच-सात वर्षे जगतो, पिल्ले सोडत राहतो. पाय सुजायला, अंडवृद्धी दिसायला आणखी वर्षे जातात. चूक कळते तेव्हा ती करणाऱ्यांची बदली होऊन अनेक वर्षे झालेली असतात. यामुळेच पाहणी दोन-दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा करायची असते. पण पुन्हा पाहणी त्याच उन्हात, त्याच डिकीतून आलेल्या पट्ट्यांनी झाली तर तिचा उपयोग काय?

लक्ष्याची तारीख जवळ आली की व्यवस्थेला ‘निर्दोष’ निकाल आवडू लागतो. यात कोणाचा वाईट हेतू असण्याची गरज नाही. दोन रेघा उमटल्या की फेरतपासणी होते. एक उमटली की फॉर्म भरला जातो. म्हणून फेरतपासणी उलट्या बाजूनेही व्हायला हवी. ‘निर्दोष’ ठरलेल्यांतली काही मुले दुसऱ्या बॅचच्या पट्टीने, दुसऱ्या चमूने पुन्हा तपासावीत आणि तो निकाल जाहीर करावा. ग्रामसभेत वाचून दाखवला तर अधिक चांगले.

मग नॅनोकणांचे स्कॅन कशासाठी?

शरीराच्या आतले चित्र काढण्यासाठी नॅनोकण वापरणे हे या विज्ञानाचे चकचकीत अंग आहे, आणि बातम्या त्याच्याच होतात. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या ‘क्वांटम डॉट्स’ना मिळाले ते प्रयोगशाळेत पेशी रंगवून दाखवायला उत्तम, पण त्यातल्या अनेकांत कॅडमियम असते, त्यामुळे माणसाच्या शिरेत ते सोडायला कोणी धजावत नाही. एमआरआयमध्ये यकृत स्पष्ट दिसावे म्हणून लोहाच्या ऑक्साइडचे कण असलेले एक औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाले. पुढे ते बाजारातून गेले. जे कण टोचले जातात ते शेवटी यकृत आणि प्लीहेत साचतात, तिथून ते किती दिवसांनी आणि कसे बाहेर पडतात हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. पट्टीवरच्या कणांना ही परीक्षा द्यावी लागत नाही.

हत्तीरोगाच्या बाबतीत मात्र एका स्कॅनने फार मोठी गोष्ट शिकवली. पायाच्या बोटांच्या मध्ये त्वचेखाली अतिसूक्ष्म कणांना जोडलेले किरणोत्सारी टेक्नेशियम टोचायचे आणि ते लसीकावाहिन्यांतून वर कसे चढते याचे चित्र गॅमा कॅमेऱ्याने काढायचे, अशी ती पद्धत. इथे कणाचा आकारच सगळे ठरवतो. फारच लहान असेल तर तो रक्तात निसटतो, मोठा असेल तर टोचलेल्या जागीच अडकून बसतो. दहा ते शंभर नॅनोमीटरच्या दरम्यानचा कण लसीका उचलून नेते. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे इथल्या रुग्णांवर अशा लसीका-चित्रणाने दाखवून दिले की ज्यांचा पाय मुळीच सुजलेला नाही अशा लागण झालेल्या माणसांच्या वाहिन्याही आतून बिघडलेल्या असतात. पुढे केरळात अलाप्पुळा जिल्ह्यातल्या मुलांमध्ये तसेच आढळले. तिथला कृमी वेगळा आहे, ‘ब्रुगिया मलायी’. पण शिकवण तीच. आणि महत्त्वाचे म्हणजे, सामुदायिक मोहिमेत देतात त्याच औषधांनी अनेक मुलांच्या वाहिन्या पुन्हा सुधारल्याचे चित्रणात दिसले.

‘मला काही झाले नाही, मग गोळी का खाऊ?’ हा प्रश्न मोहिमेच्या दिवसांत प्रत्येक दारात विचारला जातो. त्याचे उत्तर या चित्रांत आहे. सूज दिसण्याआधीच बिघाड सुरू झालेला असतो आणि लहानपणी घेतलेली गोळी तो परतवू शकते. गोळी खिशात टाकून नंतर कोंबड्यांपुढे फेकणाऱ्याला हे कोणी कधी सांगितले आहे का? मोहिमेच्या पत्रकांवर हत्तीपायाचे भीतिदायक छायाचित्र असते. त्याच्याऐवजी, बाहेरून निरोगी दिसणाऱ्या पायाचे आतले चित्र छापले तर ते जास्त पटेल.

पण हे कळण्यासाठी लाखांदूरला गॅमा कॅमेरा लागत नाही. टेक्नेशियमची किरणोत्सारी शक्ती सहा तासांत निम्मी होते. ते वापरायला न्यूक्लियर मेडिसिनचा सुसज्ज विभाग, प्रशिक्षित माणसे आणि सतत पुरवठा लागतो. हे नागपूर-मुंबईला असावे, हेच रास्त. रेसिफे आणि अलाप्पुळात एकदा काढलेल्या चित्रांचे फळ बारव्हा, दिघोरी किंवा विरलीच्या मुलाला गोळीच्या रूपात मिळते. संशोधनातले स्कॅन असेच उपयोगी पडतात. ज्याचे चित्र काढले त्याच्यापेक्षा ज्याचे कधीच काढले जाणार नाही त्याला ते जास्त देऊन जातात.

म्हणून संशोधनावरचा खर्च वाया जातो असे म्हणण्यात अर्थ नाही. खटकतो तो क्रम. जिल्ह्याच्या आरोग्याची चर्चा निघाली की यंत्रांची यादी आधी येते. भंडाऱ्यात २०२४-२५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. स्कॅनची मागणी तिथून वाढेल आणि ती वाढावीही. मात्र प्रत्येक महाग साधनासमोर एक प्रश्न ठेवावा: हेच काम साध्या मार्गाने होते का? असा प्रश्न विचारण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतली नेमकी कोणती गाठ काढून तपासायची हे शोधायला जगभर किरणोत्सारी कण आणि निळा रंग वापरतात. सगळ्या गाठी काढल्या तर हाताला कायमची सूज येऊ शकते, म्हणून हा खटाटोप. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी काखेच्या खालच्या ठरावीक भागातल्या गाठी काढण्याची बिनकणांची पद्धत त्याच्याशी ताडून पाहिली आणि ती तितकीच भरवशाची असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. जिथे गॅमा कॅमेरा नाही तिथल्या बाईचा हातही त्यामुळे वाचू शकतो.

हत्तीरोगातही असे एक साधे साधन आहे. अंडकोषाच्या साध्या सोनोग्राफीत जिवंत प्रौढ कृमी वळवळताना दिसतो. डॉक्टर त्याला ‘फायलेरिया डान्स’ म्हणतात. हेही १९९४ मध्ये रेसिफेतूनच जगापुढे आले. त्याला कुठलाच कण लागत नाही.

रेघेनंतर काय?

ज्याचा पाय आधीच सुजला आहे त्याच्यासाठी पट्टीचे बोलणे फसवे ठरू शकते. त्याच्या अंगातला कृमी बहुधा मेलेला असतो, म्हणून एकच रेघ येते. ‘निर्दोष’ हा शब्द ऐकून तो घरी जातो, आणि पाय तसाच राहतो. पट्टी कृमीचा माग काढते, कृमीने करून ठेवलेल्या नुकसानीचा नाही. त्या माणसाला हवा असतो टब, साबण, स्वच्छ टॉवेल आणि बोटांच्या बेचक्यांत लावायला मलम. रोज पाय धुवायचा, नीट कोरडा करायचा, जखम दिसली तर लगेच उपचार घ्यायचे, झोपताना पाय उंच ठेवायचा. एवढ्याने वारंवार येणारा ताप आणि वाढत जाणारी सूज बरीच आटोक्यात राहते. हे साहित्य कार्यक्रमातून देण्याची तरतूद आहे. पण रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईला ‘पाय कोरडा ठेवा’ एवढेच सांगून भागत नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट तिला कोण देणार, हा प्रश्न आरोग्य खात्याचा की कृषी खात्याचा, यावर फाइल अडकायला नको.

अंडवृद्धीचे रुग्ण तर मोजणीतच येत नाहीत. धोतर-लुंगीआड लपवून माणसे वर्षानुवर्षे काढतात. शस्त्रक्रिया साधी आहे, सरकारी रुग्णालयात मोफत होऊ शकते, आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. आशा सेविका बाई असल्याने पुरुष तिच्याशी बोलत नाहीत. गावातल्या एखाद्या पुरुष आरोग्य सेवकावर हे काम नावानिशी सोपवले तर आकडे बदलतील.

आणि डास. बांधीत पाणी दिसते म्हणून दोष तिला दिला जातो, पण क्युलेक्सला घाण पाणी आवडते. घरामागची तुंबलेली नाली आणि शौचालयाच्या टाकीचा उघडा व्हेंट पाइप ही त्याची खरी घरे. पाइपाच्या तोंडाला जाळी बांधायला काही रुपये लागतात. लाखांदूरची नगरपंचायत आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायती हे एका आठवड्यात करू शकतात.

पुढची शालेय पाहणी जेव्हा केव्हा होईल तेव्हा गावकऱ्यांनी, विशेषतः शाळा व्यवस्थापन समितीने, चमूला तीन गोष्टी विचाराव्यात. पट्ट्या काल रात्री कुठे ठेवल्या होत्या? ही बॅच माहीत असलेल्या बाधित नमुन्यावर तपासली होती का? आणि घड्याळ कोणाच्या हातात आहे?